'ऐकत नाही' या शब्दाचे दोन अर्थ

पालकसभा संपली की काही माता मागे रेंगाळतात. चारचौघांत बोलता न येणारे त्यांना आमच्याशी बोलायचे असते. कधी फीचे, कधी मुलाच्या संगतीचे, आणि निघोजे परिसरात तर हटकून मुलांच्या वडिलांचे. "घरात लक्षच देत नाहीत. लेक चार वेळा हाक मारते, हे ढिम्म. दोस्ताचा फोन आला की मात्र सगळं बरोबर ऐकू येतं." लेकीला विचारावे तर ती एका वाक्यात निकाल लावते, "अब्बा सुनतेच नै."

आपल्या मराठीत 'ऐकणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कानावर आवाज पडणे हा एक आणि सांगितलेले मानणे हा दुसरा. उर्दूतल्या 'सुनना'चेही तेच. त्यामुळे 'तो ऐकत नाही' असे म्हटले की दोष स्वभावाकडे जातो, कानाकडे कोणी पाहत नाही. निघोजे, म्हाळुंगे, कुरुळी, खराबवाडी या गावांभोवती चाकणची औद्योगिक वसाहत पसरली आहे. मोटारींचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉप आहेत. लातूर, बीड, नांदेडहून आणि उत्तर भारतातून आलेली आपली माणसे तिथे प्रेस, ग्राइंडिंग, फोर्जिंगच्या खात्यांत वर्षानुवर्षे उभी आहेत. त्यांच्या घरांत या शब्दाचा पहिला अर्थ आधी तपासायला हवा. त्यासाठी कान आवाजाची पट्टी कशी ओळखतो, हे थोडे समजून घेऊ या.

पट्टी वेगळी, मोठेपणा वेगळा

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती जितकी जोरकस, तितका आवाज मोठा. ती सेकंदाला जितक्या वेळा होते, तितकी त्याची पट्टी उंच. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला ध्वनीची उच्चनीचता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. पुरुषाच्या बोलण्याची मूळ पट्टी साधारण १०० ते १३० हर्ट्झ, स्त्रीची २०० च्या आसपास आणि लहान मुलाची ३०० च्या आसपास असते. निरोगी तरुण कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो.

कान ही पट्टी बेरजेने मोजत नाही, पटीने मोजतो. १०० वरून २०० वर गेलो तर जेवढे वर चढल्यासारखे वाटते, तेवढेच वाटायला १००० वरून २००० वर जावे लागते. गाणारे यालाच एक सप्तक म्हणतात.

कानात गुंडाळलेली पेटी

कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे आहेत. ती पडद्याची थरथर आत पोचवतात. आत गोगलगाईच्या शंखासारखी, अडीच-पावणेतीन वेढ्यांची, पाण्याने भरलेली नळी आहे. तिला कॉक्लिआ म्हणतात. उलगडली तर तिची लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या बोटाच्या दीड पेराएवढी. या नळीत लांबीभर एक पातळ पट्टा ताणलेला असतो. दाराशी तो अरुंद आणि ताठ असतो, तर आत टोकाकडे रुंद आणि सैल होत जातो.

हार्मोनिअमची पेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्या पट्ट्या एका टोकाला खालच्या स्वरांच्या आणि दुसऱ्या टोकाला वरच्या स्वरांच्या असतात. कानातला पट्टा तसाच आहे. बारीक, उंच आवाज आला की दाराजवळचा ताठ भाग जास्त हलतो. जाड, खालचा आवाज आला की लाट आतपर्यंत जाते आणि सैल टोक हलते. पट्ट्याच्या कोणत्या जागेवर हालचाल झाली, यावरून मेंदू पट्टी ओळखतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली अशा स्वरूपाची कल्पना मांडली होती. बुडापेस्टमध्ये टेलिफोन खात्यात इंजिनिअर असलेले बेकेशी यांनी मृत माणसांच्या कानांवर प्रयोग करून ही लाट प्रत्यक्ष पाहिली. त्या कामासाठी त्यांना १९६१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पट्ट्यावर केसांसारखे तुरे असलेल्या पेशींच्या रांगा असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. एका कानात त्या सुमारे १५ हजार. त्यांतल्या साधारण साडेतीन हजार पेशी मेंदूला बातमी देतात आणि बाकीच्या हलक्या आवाजांना जोर देऊन पट्टी नेमकी करतात.

जागेखेरीज मेंदूकडे दुसरेही एक साधन आहे, ते म्हणजे वेळ. खालच्या पट्टीच्या आवाजाला कानातले मज्जातंतू लाटेच्या ठेक्यावर संदेश पाठवतात. लाटा फार जलद आल्या तर एकट्या तंतूला ते झेपत नाही. मग अनेक तंतू पाळी लावून ते काम करतात, तीन शिफ्टमध्ये कारखाना चालावा तसे. चार-पाच हजार हर्ट्झच्या वर मात्र हा ठेका सुटतो. तिथून पुढे पट्टी ओळखायला मुख्यतः जागेचाच आधार उरतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण कारखान्याचा गोंगाट त्याच भागात घुसतो.

मिरजेचा कान

माणसाचा कान पट्टीच्या बाबतीत किती बारीक असतो, हे पाहायचे तर मिरजेला जावे. तिथल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. शिकलगार म्हणजे शस्त्रे घडवणारे, त्यांना धार लावणारे, लोखंडाशी झुंजणारे लोक. तेच हात पुढे भोपळा, लाकूड आणि तारांकडे वळले. त्यांच्या वंशजांनी ही कला टिकवली आणि २०२४ साली मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तानपुऱ्याची खरी परीक्षा जवारीत असते. तारा ज्या घोडीवरून जातात तिची पाठ किंचित उतरती घासलेली असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की तारेचा आवाज एकदम खुलतो. ही जागा फूटपट्टीने सापडत नाही, कारागीर ती कानाने शोधतो. एक तार छेडली की तिच्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट थरथरीचे स्वरही निघतात. जवारी नीट लागली की ते उजळतात. खर्जाच्या तारेतून निघणारा पाचपटीचा स्वर म्हणजे गंधार. ती तार गंधारात लावलेली नसते, तरी तो ऐकू येतो. म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या घोडीचा अभ्यास करून १९२१ साली तो प्रसिद्ध केला. साध्या तारेत ज्या ठिकाणी छेडल्यावर काही उपस्वर उमटायलाच नकोत, तिथेही तानपुऱ्यात ते जोरकस उमटतात, असे त्यांना आढळले.

याच मिरजेत किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या परिसरात त्यांना दफन केले गेले. जवळच सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल हे गृहस्थ स्वरांची कंपने मोजत होते. २२ श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. त्या कामात त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याची आणि कानाची साथ होती. श्रुतींचा वाद विद्वानांनी सोडवावा. आम्हांला एवढेच सांगायचे आहे की तयार कानाला १००० आणि १००३ हर्ट्झ यांतला फरकसुद्धा कळू शकतो. इतके नाजूक यंत्र प्रत्येक कामगाराच्या डोक्यात आहे आणि आपण ते रोज आठ तास प्रेसखाली धरतो.

गाळलेल्या जागा

मेंदू पट्टी फक्त मोजत नाही, तो ती जुळवतोही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचेच आवाज जात. मग ११० हर्ट्झच्या पुरुषी आवाजाचे काय व्हायचे? त्याचा मूळ स्वर तारेतून जातच नसे. जायचे ते ३३०, ४४०, ५५० असे त्याचे वरचे भाग. तरी गावाकडच्या आईला मुलाचा आवाज त्याचाच, जाडाभरडा ऐकू यायचा. कारण या भागांमधले अंतर दरवेळी ११० आहे हे मेंदू ओळखतो आणि नसलेला मूळ स्वर आपण होऊन भरतो. आम्ही प्रश्नपत्रिकेत 'गाळलेल्या जागा भरा' घालतो, तसेच हे.

कान अधू झालेला माणूस दिवसभर हेच करत असतो. अर्धे शब्द ऐकतो आणि उरलेले अंदाजाने भरतो. ओळखीचा विषय असेल तर जमून जाते. नवा विषय, नवे नाव, घाईत बोललेला शब्द आला की अंदाज चुकतो. संध्याकाळी तो दमलेला, चिडलेला असतो याचे एक कारण हेही आहे. आणि दोस्ताचा फोन कसा काय कळतो, याचे उत्तरही इथेच सापडते. फोन कानाला चिकटलेला असतो, दोस्ताचा आवाज खालच्या पट्टीतला असतो आणि विषय पाठ असतो. लेकीचा आवाज बारीक असतो, ती दुसऱ्या खोलीतून बोलते आणि मध्ये टीव्ही चालू असतो.

दाराजवळच्या पट्ट्या आधी झिजतात

सततच्या गोंगाटाने केशपेशी मरतात, पण सगळीकडे सारख्या नाहीत. सर्वांत आधी ४००० हर्ट्झच्या आसपासची जागा जाते. आपल्या कानाची बाहेरची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या घडणीमुळे २५०० ते ३००० हर्ट्झचे आवाज आपोआप वाढून आत जातात. इजा मात्र त्याच्या थोडी वरच्या पट्टीत होते. श्रवणचाचणीच्या आलेखावर तिथे खड्डा दिसतो. तो पाहूनच डॉक्टर विचारतात, "गोंगाटात काम करता का?" वय वाढले की वरची पट्टी तशीही उतरते. दोन्ही एकत्र आले की चाळिशीतला माणूस साठीतल्या कानाने ऐकू लागतो.

आता भाषेकडे या. आमच्या उर्दूत शुद्ध बोलणाऱ्याचे 'शीन-काफ दुरुस्त' आहे असे म्हणतात. शीन आणि सीन हे शिट्टीसारखे, उंच पट्टीचे आवाज आहेत. 'स'चा जोर बहुतेक ४००० हर्ट्झच्या वर असतो, 'श'चा त्याच्या थोडा खाली. 'फ'सारखे वर्णही उंच आणि हलके असतात. आ, ओ, ऊ हे स्वर मात्र खालच्या पट्टीत आणि दणकट असतात. आवाजाचे वजन स्वरांमध्ये असते, तर शब्दाचा अर्थ बराचसा व्यंजनांमध्ये. वरची पट्टी गेली की 'साठ'चे 'आठ' होते, 'सात'चे 'आत' होते, उर्दूतल्या 'शाम'चा 'आम' होतो. लेक म्हणते, "साठ रुपये पाहिजेत," आणि अब्बा विचारतात, "आठ रुपयांचं काय येतं?" घरातले हसतात किंवा चिडतात.

म्हणून असा माणूस 'मला ऐकू येत नाही' असे म्हणत नाही. तो म्हणतो, "आवाज येतो, शब्द कळत नाही," किंवा, "तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता." खालच्या पट्टीचे कान शाबूत असल्याने त्याला स्वतःला बहिरेपणा जाणवतच नाही. आणि मोठ्याने बोलावे तर तो दचकून म्हणतो, "ओरडतेस कशाला?" हा विक्षिप्तपणा नव्हे. हलक्या आवाजाला जोर देणाऱ्या पेशी गेल्या की हलके ऐकू येत नाही आणि मोठे एकदम अंगावर येते. शिवाय ओरडल्याने स्वर वाढतात, 'स' आणि 'श' त्या प्रमाणात वाढत नाहीत. ओरडून भांडण वाढते, शब्द काही पोचत नाही.

सुरुवातीच्या खुणा साध्या असतात. शिफ्ट सुटल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, रात्री शिट्टी वाजत राहते आणि सकाळी मोकळे वाटते. सकाळी बरे वाटले म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण हा थकवा रोज रोज झाला की एक दिवस सकाळीही कान मोकळा होत नाही. कोंबड्या-चिमण्यांच्या कानातल्या अशा पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. त्या परत आणणारे औषध नाही. कानात तेल टाकून तर काहीच साधत नाही.

करता येण्याजोगे

एक सोपी कसोटी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला गोंगाट ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असे समजावे. आठ तासांसाठी ८५ ही सुरक्षिततेची मर्यादा तज्ज्ञ मानतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करतात. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. तेव्हा 'आमचं सगळं नियमात आहे' असे ऐकले तरी कानात प्लग घालायचाच, शक्य असेल तर वरून मफही. कापसाचा बोळा पुरत नाही. आणि प्लग पूर्ण वेळ घालावा. आठ तासांत तासभर काढून ठेवला तरी त्याचा बराच फायदा वाया जातो.

दुसरे, चाचणी. तिला ऑडिओमेट्री म्हणतात. शांत खोलीत २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे हलके आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचे. दुखत नाही, सुई नाही. कामावर लागतानाच एक चाचणी करून कागद जपून ठेवावा, म्हणजे पुढचा बदल दाखवता येतो. ईएसआयचे कार्ड असेल तर चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात विचारावे. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. गरजूंना श्रवणयंत्रे मिळण्याची सरकारी योजनाही तिथे राबवली जाते.

तिसरे, हक्क. गोंगाटामुळे ऐकू कमी येणे हा कायद्याने व्यवसायजन्य आजार आहे. कामगार कायद्यात तो कळवण्याच्या आजारांच्या यादीत आहे, तसेच नुकसानभरपाईच्या आणि ईएसआयच्या तरतुदींतही आहे. कंत्राटी कामगारानेही पगारातून ईएसआय कापला जातो का ते पाहावे आणि चाचणीचे कागद फेकू नयेत.

श्रवणयंत्राची लाज वाटून घेऊ नये. चष्म्याला आपण लाजत नाही. हल्लीचे यंत्र सगळाच आवाज सरसकट वाढवत नाही. चाचणीच्या आलेखावरून, गेलेल्या पट्टीपुरता जोर त्यात भरता येतो. म्हणून बाजारातून कुठलेही यंत्र आणू नये, तपासून लावून घ्यावे.

घरच्यांसाठी चार गोष्टी. आधी नावाने किंवा नात्याने हाक मारून लक्ष वेधावे, मग बोलावे. समोर उजेडात, तोंड दिसेल असे बोलावे, कारण ओठ पाहूनही बरेच शब्द कळतात. टीव्ही बंद करावा. तेच वाक्य तिसऱ्यांदा ओरडण्यापेक्षा शब्द बदलावा. 'साठ' कळला नाही तर 'पन्नास आणि दहा' म्हणावे. आणि मुलांनी आवाज थोडा खाली आणून, सावकाश बोलावे.

मुलांच्या कानांबद्दलही दोन शब्द. श्रुतलेखनात एखादे मूल 'स', 'श', 'फ' सारखे गाळत असेल, मकतबमध्ये सीन आणि साद त्याला वेगळे कळत नसतील, तर छडी उगारण्याआधी कान दाखवावा. सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साचलेले असू शकते आणि ते बरे होते. मोठी मुले दिवसभर इअरफोन घालून फिरतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. बसमध्ये, रस्त्यावर आवाज वाढवून ऐकणारा मुलगा ती केव्हाच ओलांडतो. बापाचे कान पोटासाठी गेले, मुलाचे तरी हौसेपायी जाऊ नयेत.

या महिन्यात एवढे करा. घरात कोणी गोंगाटाच्या खात्यात पाच वर्षांहून जास्त काम केले असेल, तर साप्ताहिक सुट्टीचा एक दिवस चाचणीसाठी ठेवा. जाताना मुलांनाही सोबत न्या. कागदावरचा तो खड्डा त्यांनी डोळ्यांनी पाहिला की 'अब्बा ऐकत नाहीत' या वाक्याचा कोणता अर्थ खरा, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.